बँकेच्या लिलावात पहिल्यांदाच घर घ्यायचं आहे. स्वस्त पडतं का? कर्ज मिळतं का? घरचे म्हणतात, लिलावाचं घर लाभत नाही.

तुमचे पहिले दोन प्रश्न वाचून मी पुढे जाणारच होते. पण 'लाभत नाही' वाचलं आणि थांबले. हेच शब्द 2018 च्या मे महिन्यात, इथे इंदूरला, नंदलालपुऱ्यातल्या आमच्या भाड्याच्या घरात ऐकले होते. बोलणारे माझे मोठे दीर. आम्ही सगळे त्यांना दादाच म्हणतो. आमच्या ह्यांना म्हणाले, "बंड्या, दुसऱ्याची चूल विझवून आपली पेटवायची नसते." चहा अर्धा टाकून उठले आणि वास्तुशांतीलाही आले नाहीत.

मी सियागंजमध्ये एका पेढीवर हिशेब लिहिते. वर्तमानपत्रातल्या त्या बारीक टाइपातल्या हिंदी नोटिशी वाचायची सवय तिथलीच. घर सुदामानगरच्या बाजूला, दोन खोल्या खाली, एक वर. राखीव किंमत 36 लाख, बयाणा 10 टक्के. नोटिशीत शेवटी 'सांकेतिक कब्जा' असे दोन शब्द होते. मी ते वाचले आणि सोडून दिले. आयुष्यात इतकी महाग पडलेली डुलकी दुसरी नाही.

सांकेतिक ताबा म्हणजे बँकेने दारावर कागद चिकटवला आहे आणि आत माणसं राहताहेत. पोळ्या लाटताहेत, टीव्ही बघताहेत. तुम्ही पूर्ण पैसे भरलेत, विक्री प्रमाणपत्र हातात आलं, तरी ती माणसं तिथंच. प्रत्यक्ष ताब्यासाठी बँकेला सरफेसी कायद्याच्या, म्हणजे थकलेल्या कर्जापोटी गहाण घर बँकेला विकू देणाऱ्या कायद्याच्या, कलम 14 खाली जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो. कायद्यात त्याला 30 दिवस आहेत, कारण नोंदवून 60 पर्यंत. आमचे नऊ महिने गेले. आधी तारखा, मग नोव्हेंबरात विधानसभेची निवडणूक आली आणि पोलीस बंदोबस्त मिळेना. मधल्या काळात जुने मालक कलम 17 खाली कर्जवसुली न्यायाधिकरणात गेले. ते आम्हाला जबलपूरला. दोनदा ओव्हरनाइट एक्स्प्रेसने गेलो, स्टेशनवर तोंड धुतलं आणि तारीख घेऊन परत आलो. त्यांना स्थगिती मिळाली नाही, पण आमच्या वकिलांनी तोवर रोज एक नवी भीती घातली. कर्जदाराने पैसे भरले तर घर परत जाईल का, ही त्यातली सगळ्यात मोठी. कायद्यात 2016 सालीच दुरुस्ती झाली होती, तरी निरनिराळी कोर्टं निरनिराळं सांगत होती. सप्टेंबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की लिलावाची नोटीस प्रसिद्ध झाली की कर्जदाराचा पैसे भरून घर सोडवण्याचा हक्क संपतो. तुम्ही त्या मानाने सुखी.

लिलावाचा दिवस सांगायलाच हवा. मुलगा लॅपटॉपवर, हे पंख्याखाली, मी डायनिंग टेबलवर वही घेऊन. घरात ठरलं होतं, 38 च्या वर जायचं नाही. समोर एकच जण होता, बहुतेक दलाल. 25 हजारांची एकेक पायरी. शेवटच्या पाच मिनिटांत बोली आली की वेळ आणखी पाच मिनिटांनी वाढते, त्यामुळे संपतच नाही. 38 आले तेव्हा हे म्हणाले, सोड. मी मुलाला म्हटलं, टाक. 39 लाख 50 हजारांवर तो माणूस गप्प झाला. आनंद वगैरे काही झाला नाही. पोटात गोळा आला. कारण पंचवीस टक्के त्याच दिवशी किंवा दुसऱ्या कामाच्या दिवशी भरायचे असतात. बयाणा वजा जाता 6 लाख 27 हजार 500. उरलेले पंचाहत्तर टक्के विक्री कायम झाल्यापासून पंधरा दिवसांत. मुदत लेखी वाढवून मिळू शकते, तीन महिन्यांच्या वर नाही. चुकलात तर भरलेलं जप्त. इथे कुणी ओळखीचा साहेब कामाला येत नाही.

दादांकडे तेव्हा पाच लाख मागितले होते, सहा महिन्यांसाठी. "त्या पापात माझा पैसा नको," म्हणाले. माझ्या पाटल्या गेल्या.

आता तुम्ही पुण्याकडचे दिसता, म्हणून सांगते. आमच्याकडे 'डायरी' नावाचा प्रकार आहे. कॉलनीचा नकाशा मंजूर नाही, रजिस्ट्री नाही, विकणारा नुसत्या एका वहीत हप्ते मांडून देतो आणि लोक त्यावर प्लॉट घेतात. दादांनी 2009 मध्ये बायपासच्या पलीकडे असाच प्लॉट घेतला. ओळखीतून. ती डायरी अजून देवघराच्या कपाटात आहे, लाल कापडात बांधलेली. प्लॉट कुठे आहे हे त्या विकणाऱ्यालाही सांगता येत नाही. लाभणं न लाभणं काढायचंच, तर आधी ती डायरी काढावी. माझ्याकडे निदान बँकेच्या प्राधिकृत अधिकाऱ्याच्या सहीचा कागद आहे.

आणि तळतळाटाचं. फेब्रुवारी 2019 मध्ये तहसीलदार, पोलीस, बँकेचा माणूस असे सगळे आले, पंचनामा झाला. मी गाडीतच बसून राहिले, खाली उतरायचा धीर झाला नाही. इथे दादा अगदीच चुकीचे नव्हते, हे मान्य. आतून एक म्हातारी बाई बाहेर आल्या, हातात औषधांची पिशवी. माझ्याकडे बघितलंही नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही. पण त्यांचं घर मी घालवलेलं नव्हतं. त्यांच्या मुलाने ते धंद्यासाठी गहाण ठेवलं होतं, 60 दिवसांची नोटीस मिळाली होती, आणि मी बोली लावली नसती तर त्या दलालाने लावली होतीच. जाताना त्यांनी नळ, स्विचबोर्ड आणि दोन दारं काढून नेली. चार महिन्यांनी त्याच मुलाचा फोन आला, पत्त्याच्या पुराव्यासाठी जुन्या वीजबिलाची प्रत मिळेल का म्हणून. दिली. वर विचारलं, आई कशा आहेत. बऱ्या आहेत म्हणाला.

स्वस्त पडतं का? माझी वही सांगते: नऊ महिन्यांचं भाडं 81 हजार, कर्जाचं व्याज सुमारे 1 लाख 35 हजार, थकलेलं वीजबिल 74 हजार, संपत्ती कर आणि नर्मदेच्या नळाची पट्टी 31 हजार, वकील आणि जबलपूर 45 हजार, दारं-नळ-वायरिंग 1 लाख 60 हजार. 39.50 चं घर पावणेपंचेचाळीसला पडलं. त्याच गल्लीत तसंच घर तेव्हा 48 ला गेलं होतं. बाकीचं तुम्ही ठरवा. वीजबिलाबद्दल भांडू नका. 'जैसा है जहां है' लिहिलेलं असतं, आणि आधीच्या मालकाची थकबाकी भरल्याशिवाय नवं कनेक्शन नाकारता येतं, हेही सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्येच सांगितलं आहे. बोलीच्या आधी बिल क्रमांक मिळवून थकबाकी बघा.

घर बघायला बँकेने दिलेल्या दिवशी तर जाच, पण एकदा संध्याकाळी सातला एकटे जा आणि कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला विचारा. आत कोण राहतं, मालक की भाडेकरू, भांडण कुणाशी, त्याला सगळं ठाऊक असतं. भाडेकरू असेल तर मी म्हणेन सोडून द्या. वकिलाकडून मालकीच्या कागदांचा तीस वर्षांचा सर्च करून घ्या, बँकेने केला असेल या भरवशावर राहू नका.

हे सगळं बँकेच्या सरफेसी लिलावाचं. कोर्टाच्या हुकूमनाम्याचा किंवा कर खात्याचा लिलाव असेल तर नियम वेगळे, माझं ऐकू नका. 50 लाख किंवा त्यावरचं घर असेल तर एक टक्का टीडीएस, म्हणजे विकणाऱ्याच्या नावे भरायचा कर, किमतीतून कापावा लागतो, आमचं खाली होतं म्हणून वाचलो.

कर्जाचं राहिलंच. दोन बँकांनी सांकेतिक ताबा बघून नाही म्हटलं. शेवटी लिलाव करणाऱ्या बँकेनेच 20 लाख दिले. त्यांना ते घर माहीत होतं ना! बयाणा भरण्याआधी त्यांनाच विचारा, आणि उत्तर लेखी घ्या.