कॉम्बो अ‍ॅम्पचं हेड करताना जुना खोका कापू नका

तुमचा प्रश्न असा: बारा इंची स्पीकरचा गिटारचा जुना ट्यूब कॉम्बो आहे (काचेच्या व्हॅक्युम ट्यूबांवर चालणारा अ‍ॅम्प आणि स्पीकर एकाच खोक्यात), घर राजारामपुरीत तिसऱ्या मजल्यावर, आणि प्रत्येक कार्यक्रमाला वीसेक किलोचं धूड जिन्यावरून वर-खाली करावं लागतं. खोका मधोमध कापून त्याचं हेड, म्हणजे स्पीकरशिवायचा नुसता अ‍ॅम्प, करता येईल का, आणि फाटलेलं रेक्झिन बदलता येईल का?

हेड करता येतं. मी माझ्या अ‍ॅम्पचं केलंय, इथंच कोल्हापुरात. पण बाकी सगळं सांगायच्या आधी एक विनंती करतो, खोका कापू नका. चॅसिस, म्हणजे ट्यूबा आणि ट्रान्सफॉर्मर बसवलेला धातूचा सांगाडा, बाहेर काढा, तिच्यासाठी नवा छोटा खोका करून घ्या आणि जुना खोका स्पीकरसकट आहे तसा ठेवा. चॅसिस काढल्यावर जी जागा मोकळी पडते ती एका फळीनं झाकली की तोच तुमचा स्पीकर कॅबिनेट. वजन दोन फेऱ्यांत वाटलं जातं, ओळखीचा आवाज कायम राहतो, आणि उद्या मन बदललं तर चार बोल्ट फिरवून पुन्हा कॉम्बो तयार. कापलेला खोका काही केल्या पूर्वीसारखा होत नाही.

असं करणारे आपण पहिले नाही. लंडनला जिम मार्शल यांच्या दुकानात १९६२च्या सुमारास जेटीएम ४५ हा अ‍ॅम्प घडला, तो फेंडर या अमेरिकन कंपनीच्या बासमन अ‍ॅम्पचं सर्किट समोर ठेवून. बासमन हा दहा इंची चार स्पीकरांचा कॉम्बो होता. मार्शलकडं सर्किट वेगळ्या खोक्यात गेलं आणि खाली बारा इंची चार स्पीकरांचा बंद कॅबिनेट आला. वेगळं केल्याचा आणखी एक फायदा म्हणजे ट्यूबा स्पीकरच्या शेजारून हलतात. कॉम्बोत त्या प्रत्येक ठोक्याला थरथरतात आणि जुनी झालेली ट्यूब किणकिणायला लागते.

आता जिवाची गोष्ट. प्लग काढला म्हणजे अ‍ॅम्प मेला असं समजू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरांत चारशे व्होल्टच्या आसपास दाब शिल्लक असू शकतो. मीटर कसा धरायचा हे ज्याला माहीत नाही त्यानं चॅसिस मेकॅनिककडूनच काढून घ्यावी, त्यात कमीपणा काही नाही. मी स्वतः करतो तेव्हा प्लग काढून थोडा वेळ जाऊ देतो, मग १० किलोओम, ५ वॅटच्या रेझिस्टरचं एक टोक क्लिपनं चॅसिसला लावतो आणि दुसरं टोक इन्सुलेटेड क्लिपनं एकेका कपॅसिटरच्या पॉझिटिव्हला. एक हात खिशात. मीटरवर आकडा शून्याजवळ आलेला दिसल्याशिवाय दुसरा हात बाहेर काढत नाही.

दुसरी गोष्ट, ट्यूब अ‍ॅम्प स्पीकर जोडल्याशिवाय कधीही वाजवायचा नाही. स्पीकर नसला की आउटपुट ट्रान्सफॉर्मरवर व्होल्टेज उसळतं, ट्यूबच्या सॉकेटमध्ये ठिणगी पडते किंवा ट्रान्सफॉर्मरचं वाइंडिंगच जातं. कॉम्बोत ही भीती जाणवत नाही, कारण स्पीकर कायम जोडलेला. हेड झालं की वायर विसरण्याची सोय आपण स्वतःच करून ठेवतो. म्हणून आधी स्पीकरची वायर, मग मेन्स, हा क्रम अंगवळणी पाडा. वायरही गिटारची वापरू नका. तिच्यात मधे एक बारीक तार आणि भोवती जाळी असते, ती सिग्नलसाठी. स्पीकरला दोन्ही तारा सारख्या जाडीच्या लागतात.

खोक्यासाठी फर्निचरच्या सुताराकडं न जाता गणपतीच्या साउंड सिस्टिमचे बॉक्स बनवणाऱ्या मिस्त्रीकडं जा. रेक्झिन, लोखंडी कोपरे, टी-नट, राउटरची गोलाई हे सगळं त्याच्या रोजच्या हाताखालचं असतं. १८ मिलिमीटरचं चांगलं प्लाय पुरतं. टिंबर मार्केटमध्ये कोरडं पाइन मिळालं तर आणखी हलकं होईल. आतली रुंदी चॅसिसपेक्षा तीन-चार मिलिमीटर जास्त ठेवा. रेक्झिन आत वळवलं की दोन्ही बाजूंनी जागा खातं, आणि माझी चॅसिस याच कारणानं अडकून बसली होती. चॅसिस कॉम्बोत जशी उलटी टांगलेली होती तशीच टांगा. ट्यूबच्या काचेपासून खालच्या फळीपर्यंत दोन इंच तरी मोकळे हवेत, आणि मागची बाजू बंद न करता जाळी लावा. जुन्या खोक्यात चॅसिसच्या उघड्या बाजूसमोर पत्रा किंवा फॉइल चिकटवलेलं असतं, ते नव्यातही लावा, नाहीतर ट्यूबलाइटची गुणगुण अ‍ॅम्पमधून ऐकू येईल.

रिव्हर्ब (आवाजात घुमारा आणणारी सोय) असेल तर त्याची स्प्रिंगांची पेटी पॉवर ट्रान्सफॉर्मरच्या विरुद्ध टोकाला ठेवायची. लगेच स्क्रू मारू नका. अ‍ॅम्प चालू करून रिव्हर्ब अर्ध्यावर ठेवा, पेटी इंच-इंच सरकवा, टोकं उलटी करून बघा. एका जागी हम, म्हणजे ट्रान्सफॉर्मरची गुणगुण, एकदम खाली बसतो. तिथं पेन्सिलीनं खूण करा.

रेक्झिनबद्दल मात्र सविस्तर लिहितो, कारण बहुतेकांचा हात इथंच बिघडतो. आधी जुन्यालाच साबणाचं पाणी आणि टूथब्रश लावून बघा. निम्म्या वेळा तेवढ्यानं काम भागतं, आणि जुन्या अ‍ॅम्पला मूळचं कव्हर असणं ही त्याची किंमत आहे. बदलायचंच असेल तर हेअर ड्रायरनं गरम करत हळूहळू सोला, उरलेला गोंद पॉलिश पेपरनं घासा, खड्ड्यांत लांबी (पुट्टी) भरा. लाकडातला प्रत्येक खिळा आणि खड्डा रेक्झिनमधून वर दिसतो.

मोठ्या पृष्ठभागांना पांढरा फेव्हिकॉल लावा. त्यावर रेक्झिन सरकवता येतं, हातानं सुरकुती बाहेर ढकलता येते. आत वळणाऱ्या कडांना मात्र रबरी कॉन्टॅक्ट गोंद. तो दोन्ही बाजूंना लावून बोटाला चिकटेनासा होईपर्यंत थांबायचं आणि मग एकदाच टेकवायचं, नंतर हलत नाही. खिडक्या उघड्या ठेवा, त्याची वाफ पेट घेते. एकच लांब पट्टा खोक्याभोवती फिरवा आणि जोड तळाला आणा. जोडाच्या जागी दोन्ही थर एकावर एक ठेवून, पट्टी लावून, नव्या ब्लेडनं एकदमच कापायचे. वरचं कातरण काढा, खालचं काढा, आणि दोन कडा अशा भिडतात की नखालाही फट लागत नाही. कोपऱ्यावर आधी एक बाजू दुमडून चिकटवा, दुसरी ४५ अंशात कापा, पण अगदी टोकापर्यंत कापू नका. दोन मिलिमीटर सोडा, ताणल्यावर टोक झाकलं जातं.

हे काम पावसाळ्यात करू नका. मी जुलैत केलं. प्लाय ओल धरून होतं आणि दिवाळीपर्यंत दोन कोपरे सुटले. मार्चमध्ये सगळं पुन्हा केलं, ते आजपर्यंत पक्कं आहे.

हँडल मी बाजारातलं घेतलं नाही. चप्पल लाइनमधल्या एका कारागिराकडून तळव्याच्या जाड चामड्याचे तीन थर वादीनं शिवून घेतले. बाभळीची साल आणि हिरड्यानं कमावलेलं ते चामडं, हाताला कधी घसरत नाही. त्यांनी शिवताना अ‍ॅम्प मागवून घेतला, दोरीनं उचलून बघितला आणि म्हणाले, "मधी न्हाई लावायचं दादा, जड बाजूला सरकवा." ट्रान्सफॉर्मर एका टोकाला असल्यामुळं हँडल मधोमध लावलं तर खोका तिरका लटकतो. तुम्हीही बोल्टची भोकं पाडायच्या आधी दोरीनं तोल बघा, आणि आतून रुंद वायसर घाला.

तुमच्या चॅसिसच्या मागच्या बाजूचा फोटो टाका, स्पीकरच्या जॅकजवळ किती ओम लिहिलंय ते दिसेल असा. पुढं दुसरा कॅबिनेट जोडायचा झाला तर चालेल की नाही, ते त्यावरून सांगतो.