वाचकांचे प्रश्न : परदेशी प्रशिक्षणार्थी आपल्या कार्यालयात

प्रश्न : सांगलीत विश्रामबाग भागात माझी अकरा जणांची सॉफ्टवेअर कंपनी असून आम्ही हळद आणि बेदाण्याच्या अडत दुकानांसाठी हिशेबाची प्रणाली तयार करतो. जर्मनीत स्थायिक झालेल्या एका वर्गमित्राच्या ओळखीने तेथील संगणकशास्त्राचे दोन विद्यार्थी जुलैपासून पाच महिने आमच्याकडे प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणासाठी येऊ इच्छितात. त्यांना पर्यटक व्हिसावर येऊ द्यावे, कागदपत्रांच्या भानगडीत पडू नये, असे माझ्या भागीदाराचे म्हणणे आहे. त्यांना काम काय द्यावे, हेही आमचे ठरलेले नाही. मार्गदर्शन करावे.
– एक उद्योजक, सांगली

उत्तर : भागीदारांचा सल्ला मानू नका. पर्यटक व्हिसावर आलेल्या माणसाला कंपनीत बसवून काम देता येत नाही, आणि तसे आढळल्यास त्याचा त्रास आपल्याला होईलच, पण त्याहून अधिक त्या मुलांना होईल. प्रशिक्षणार्थींसाठी भारताचा इंटर्न व्हिसा हा स्वतंत्र प्रकार आहे. प्रशिक्षणाचा काळ किंवा एक वर्ष, यांपैकी जे कमी असेल तितक्याच मुदतीचा तो असतो. विद्यार्थ्याने तो आपल्या देशातील भारतीय वकिलातीकडून घ्यायचा असतो आणि त्यासाठी आपले पत्र लागते. त्या पत्रात कामाचे स्वरूप, कालावधी, मानधन आणि जबाबदार व्यक्तीचे नाव स्पष्ट असावे. कंपनीने द्यावयाच्या मानधनाला किमान मर्यादा आहे. तिची चालू रक्कम वकिलातीच्या संकेतस्थळावर पाहून मगच मुलांना आकडा सांगा. व्हिसा १८० दिवसांहून अधिक मुदतीचा असेल, तर आल्यापासून १४ दिवसांत नोंदणी करावी लागते आणि आपल्या जिल्ह्यात हे काम पोलीस अधीक्षक कार्यालयाकडे असते. नेपाळच्या विद्यार्थ्याला मात्र व्हिसाच लागत नाही.

विद्यापीठ, विद्यार्थी आणि आपण अशा तिघांच्या सह्यांचा करार आधीच करून घ्या. जर्मनीतील उपयोजित विज्ञानांच्या विद्यापीठांत असे प्रत्यक्ष कामाचे सत्र बहुधा अभ्यासक्रमाचाच भाग असते, त्यामुळे शेवटी आपल्या सही-शिक्क्याचे प्रमाणपत्र मुलांना लागणारच. आरोग्य विमा कोणी काढायचा, हेही त्याच कागदावर असू द्या.

आता कामाविषयी, कारण खरी अडचण तेथेच आहे. कागदपत्रे चोख असूनही प्रशिक्षण वाया गेल्याचे मी पाहिले आहे. एका कंपनीत परदेशी विद्यार्थ्याला पहिले बारा दिवस सर्व्हरचा पासवर्डच मिळाला नाही; त्याने ते दिवस चहावाल्या मुलाकडून मराठी शिकण्यात घालवले आणि पुढच्या पाच महिन्यांत त्याच्या हाती लागलेले सर्वांत भरीव ज्ञान तेच ठरले. मुले येण्यापूर्वी काम ठरलेले हवे, ते पाच महिन्यांत पुरे होणारे हवे आणि ते दाखवणारा माणूसही आपल्या अकरांतूनच नेमलेला हवा. ‘आले की बघू’ म्हणून चालणार नाही.

असे काम आपल्याच दुकानात पडून असेल. शेतकऱ्याला अडत्याकडून मिळणारी पट्टी घ्या. पोती, वजन, भाव, हमाली, तोलाई आणि शेवटी हाती येणारी रक्कम, इतकाच तो कागद असतो. परंतु तो मराठीत छापायचा म्हटले, की संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याला पुरून उरेल इतके प्रश्न त्यात निघतात. ‘क्षीरसागर’ हे आडनाव आपल्या डोळ्यांना पाच अक्षरांचे दिसते; युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर अक्षरे साठवण्याच्या आजच्या सर्वमान्य पद्धतीत, मात्र ‘क्ष’ म्हणजे क, हलन्त चिन्ह आणि ष असे तीन संकेत असतात आणि संपूर्ण आडनाव नऊ संकेतांचे होते. ज्याने आडनावाच्या रकान्यात आठ जागा राखल्या, त्याच्या पट्टीवर ‘क्षीरसाग’ छापले जाते आणि शेतकरी दुकानात येऊन विचारतो, की माझा ‘र’ कुठे गेला? एकाच माणसाची नोंद एका वर्षी ‘पाटील’ आणि दुसऱ्या वर्षी ‘पाटिल’ अशी झाली, तर शोध दोन माणसे दाखवतो. जुन्या दुकानांतील नोंदी तर युनिकोडपूर्व फॉण्टमध्ये असतात. पडद्यावर मराठी दिसले, तरी फाइलच्या पोटात रोमन अक्षरांचा खिचडा असतो. त्या नोंदी युनिकोडमध्ये आणणे, सारखी नावे जुळवणे आणि प्रत्येक पायरीवर चाचणी (काम बरोबर होते का, हे तपासणारा छोटा कोड) लिहिणे, हे दोन मुलांना पाच महिने पुरेल असे बंदिस्त काम आहे. रक्कम छापताना आपण १२,३४,५६७ लिहितो आणि त्यांच्या हाताला तीन-तीन अंकांवर विराम देण्याची सवय असते, याचीही चाचणी त्यांनाच लिहू द्या.

त्यांना मराठी येत नाही म्हणून घाबरू नका. अक्षर न वाचता येणारा माणूस गृहीत काही धरत नाही, प्रत्येक चिन्हाविषयी विचारतो, आणि आपल्याला वर्षानुवर्षे न दिसलेली चूक अशा विचारण्यातून बाहेर पडते. मात्र त्यांच्याशेजारी मराठी वाचणारा एक सहकारी रोज अर्धा तास बसलाच पाहिजे आणि त्यांचा कोड तपासल्याशिवाय मुख्य प्रणालीत जाता कामा नये. शेतकऱ्यांचे खरे मोबाइल क्रमांक आणि बँक खाती त्यांच्या लॅपटॉपवर देऊ नका. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा बाजूला ठेवला, तरी ग्राहकाने विश्वासाने दिलेली माहिती आहे ती. नावे आणि क्रमांक बदललेली चाचणीची प्रत आधी तयार करा. हळदीचा भर हंगाम जुलैत ओसरलेला असला, तरी पहिल्याच आठवड्यात त्यांना मार्केट यार्डात एका सौद्याला उभे करा. पट्टीवरील प्रत्येक रकाना कोठून येतो, ते तेथे एका सकाळीत कळते.

जुलैत येणार म्हणता, तर राहण्याची जागा नदीकाठच्या सखल भागात मुळीच घेऊ नका. भाडे तेथे कमी असेल, परंतु २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर आपण पाहिलेले आहेत. कृष्णेवरील आयर्विन पुलापाशी पाण्याची ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी, हे दोन आकडे त्यांना आल्या दिवशीच सांगा.

प्रश्न : आम्ही दोघे निवृत्त शिक्षक साताऱ्यात राहतो. वरच्या मजल्यावरील खोलीत एका परदेशी विद्यार्थिनीला चार महिने ठेवाल का, असे येथील एका कंपनीने विचारले आहे. आमच्यावर कोणती जबाबदारी येते? तिच्या जेवणाचे काय करावे?
– एक वाचक, सातारा

उत्तर : परदेशी पाहुणा राहावयास आल्याची माहिती २४ तासांच्या आत ऑनलाइन कळवावी लागते. लॉजवाले जिला ‘सी फॉर्म’ म्हणतात, ती हीच नोंद. ती घरमालकालाही चुकत नाही. पासपोर्ट आणि व्हिसाच्या प्रती घ्या आणि पहिली नोंद कंपनीच्या माणसाला शेजारी बसवून करा. भाडे, वीज आणि घरी येण्याची वेळ कागदावर लिहून द्या. तोंडी सांगितलेली ‘लवकर ये’ ही सूचना तिला कळणार नाही. रात्री साडेनऊ म्हणायचे असेल, तर साडेनऊच लिहा.

जेवणात तिखट कमी केले की पुरेसे आहे. वेगळा स्वयंपाक मांडू नका, दोन महिन्यांत आपणच थकाल. आपल्याकडे पाहुणा ‘नको’ म्हणतो तेव्हा आपण आणखी एक पोळी वाढतो. तिचे ‘नको’ मात्र खरोखरच ‘नको’ असेल. ती आपल्याला काकू आणि काका म्हणू लागेल, ते म्हणू द्या. परंतु ती कंपनीत कामासाठी आलेली आहे, म्हणून कामाच्या दिवशी तिला नातेवाइकांच्या भेटीला नेऊ नका. सप्टेंबरमध्ये एखाद्या रविवारी कासला अवश्य न्या, फक्त प्रवेशाचे आरक्षण आधी करा.

प्रश्न : बाहेरच्या मुलांना अशा जागा दिल्या, तर आमच्यासारख्या स्थानिक अभियांत्रिकी विद्यार्थ्यांनी कोठे जायचे?
– एक विद्यार्थी, सांगली

उत्तर : आपली तक्रार रास्त आहे. ज्या गावात १९४७ पासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, तेथील मुलांना डावलून परदेशी नावाची पाटी मिरवणे कोणत्याही कंपनीला शोभणारे नाही. परंतु वर सांगितलेल्या कामाकडेच पाहा. ‘क्षीरसाग’ ही चूक पट्टी पाहताक्षणी आपल्याला दिसेल, त्या विद्यार्थ्यांना दिसणार नाही. म्हणून प्रत्येक परदेशी प्रशिक्षणार्थ्यामागे एक स्थानिक विद्यार्थी, तेही मानधनावर, घ्यावा असे मी त्या उद्योजकांना येथूनच सुचवतो. आपण आपल्या विभागप्रमुखांचे पत्र घेऊन त्यांना भेटा. जुलैची वाट पाहू नका, कामाची आखणी त्याआधीच व्हायची आहे.