ग्नूकॅश २.६ वरून ५ वर जावे, की जमाखर्चच दुसरीकडे हलवावा?

आपला प्रश्न मी असा समजले आहे. आपण २०१४ पासून घरचा जमाखर्च ग्नूकॅश या हिशेबाच्या मोफत प्रोग्रामच्या २.६ मालिकेत लिहीत आहात आणि फाइलमध्ये सुमारे ११ हजार नोंदी, दोघांची मिळून पाच बँक खाती, एक गृहकर्ज व १४ म्युच्युअल फंड आहेत. विंडोज १० ची नियमित सुरक्षा अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबल्यामुळे आपण नवा लॅपटॉप घेतला आहे. फंडांचे दर जुन्या प्रोग्राममध्ये आपोआप येणे कधीच बंद झाले असून ते दरमहा हाताने भरावे लागतात. आता जुनाच प्रोग्राम नव्या यंत्रावर बसवावा, ५ मालिकेवर जावे, की वर्गणी भरून बँक खाती आपोआप जोडणारी एखादी ऑनलाइन सेवा घ्यावी, असा पेच आहे; आणि काय ते मार्चअखेरच्या आत उरकायचे आहे.

माझे मत असे की आपण ५ वर जावे. पण आपण दिलेल्या कारणांसाठी नव्हे आणि मार्चअखेरच्या आत तर मुळीच नव्हे.

आधी कारणांविषयी. फंडांचे दर आणण्याचे काम ग्नूकॅश स्वतः करीत नाही. ते ‘फायनान्स कोट’ नावाचे, पर्ल भाषेत लिहिलेले एक वेगळे साधन करते आणि दर देणारी संकेतस्थळे आपली रचना बदलतात किंवा दार बंद करतात तेव्हा मोडते ते हे साधन. याहूने २०१७ च्या नोव्हेंबरात आपली जुनी दरसेवा बंद केली तेव्हा जगभरच्या वापरकर्त्यांचे दर एका रात्रीत थांबले होते, मग ग्नूकॅशची आवृत्ती कोणतीही असो. आपल्याकडच्या फंडांसाठी या साधनात ‘इंडियाम्युच्युअल’ नावाचा स्रोत आहे. तो अ‍ॅम्फी या फंड कंपन्यांच्या संघटनेची रोजची दरयादी वाचतो आणि त्यासाठी प्रत्येक फंडाच्या चिन्हाच्या जागी अ‍ॅम्फीचा योजना क्रमांक भरावा लागतो. आपल्या १४ पैकी काही फंड २०१४ चे असतील, तर सेबीच्या ऑक्टोबर २०१७ च्या वर्गीकरणाच्या परिपत्रकानंतर त्यांतले काही दुसऱ्या योजनेत विलीन झाले असण्याचा बराच संभव आहे, आणि विलीन झालेल्या योजनेचा जुना क्रमांक नव्या आवृत्तीतही दर आणणार नाही. तेव्हा क्रमांक तपासण्याचे काम आपल्याला कोणत्याही वाटेने चुकलेले नाही. ५ मध्ये हे साधन बसवणे आणि ते नीट चालते की नाही हे पाहणे सोपे आहे, एवढा फायदा मी मान्य करते.

दुसरे कारण आपण भांडवली नफ्याचे दिले आहे. ५ मालिकेत शेअरच्या व्यवहारांसाठी नवा साहाय्यक आला आहे आणि खरेदी, विक्री, बोनस अशा नोंदी त्याने बिनचूक बसतात, हे खरे. मात्र इक्विटीसाठी ३१ जानेवारी २०१८ च्या भावापर्यंतचा नफा करमुक्त धरण्याची सवलत, किंवा दीर्घ मुदतीच्या नफ्यावर २३ जुलै २०२४ पासून लागू झालेला साडेबारा टक्क्यांचा दर व २०२४-२५ पासूनची सव्वा लाखाची करमुक्त मर्यादा, यांतले काहीही या प्रोग्रामला ठाऊक नाही आणि तो ते शिकेल अशी अपेक्षाही आपण ठेवू नये. विवरणपत्रासाठी कॅम्स व केफिनटेक या फंडांच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थांची भांडवली नफ्याची पत्रके घ्यावीत. आपल्या वहीचे काम त्या पत्रकांशी युनिटांची शिल्लक जुळते का, एवढे दाखवण्याचे.

मग जावे कशासाठी? मागे राहिल्याने परतीची आणि पुढची, अशा दोन्ही वाटा अरुंद होत जातात, म्हणून. ग्नूकॅशची २.६ मालिका २०१३ च्या अखेरीस आली, ३.० हे २०१८ मध्ये, ४.० हे २०२० मध्ये आणि ५.० हे मार्च २०२३ मध्ये आले. हा प्रकल्प चालवणारे स्वयंसेवक आहेत आणि त्यांचे लक्ष लगतच्या मालिकांवर असते, म्हणजे नव्याने जुन्याची फाइल वाचावी आणि जुन्या मालिकेतील शेवटच्या आवृत्तीलाही शक्यतो नव्याची फाइल उघडता यावी. आपण आता तीन पायऱ्या मागे आहात. आणखी पाच वर्षांनी त्या चार किंवा पाच होतील, आणि त्या वेळी मधल्या आवृत्त्या त्या काळच्या विंडोजवर बसतीलच असे नाही. आज हे काम एका दुपारचे आहे, आणि माझ्या दृष्टीने एवढे एक कारण पुरेसे आहे.

हे मी पोळलेल्या तोंडाने लिहीत आहे. मी अठ्ठावीस वर्षे एका बँकेत कीर्द-खतावणी सांभाळली. तरीही घरच्या हिशेबासाठी मी आधी घेतला होता तो एक विकतचा प्रोग्राम, ज्याच्या फाइली दुसऱ्या कोणत्याही प्रोग्रामला वाचता येत नसत. चालतो आहे ना, मग कशाला हात लावा, असे म्हणत मी सहा वर्षे काढली. पुढे विकणारी कंपनी बंद पडली आणि संगणक बदलायची वेळ आली तेव्हा कळले की नव्या यंत्रावर परवाना चालू करून देणारा सर्व्हरच उरलेला नाही. जुने यंत्र अजून सुरू होत होते म्हणून प्रत्येक खाते क्यूआयएफ, म्हणजे हिशेबाचे इतर प्रोग्रामही वाचू शकतात अशा स्वरूपाच्या, फाइलमध्ये काढून घेता आले. त्यानंतर खात्यांमधील परस्पर बदल्या दोन-दोनदा आल्या होत्या, त्या निस्तरण्यात कितीतरी संध्याकाळी गेल्या. मायक्रोसॉफ्टने ‘मनी’ या आपल्या हिशेबाच्या प्रोग्रामची विक्री २००९ मध्ये थांबवली तेव्हा वर्षभराने परवान्याच्या अटीविना चालणारी अखेरची आवृत्ती तरी मोफत दिली होती, माझ्या वाट्याला तेवढेही आले नाही.

ग्नूकॅशमध्ये ही भीती कमी आहे. आपली फाइल म्हणजे दाबून लहान केलेला एक्सएमएल मजकूर आहे. तिच्या प्रतीला ‘.जीझेड’ असा शेवट देऊन ती उलगडली, तर साध्या नोटपॅडमध्येही प्रत्येक नोंदीची तारीख, तपशील आणि रक्कम वाचता येते. कोणतीही वर्गणीची सेवा घेण्याआधी तिच्याबाबत आपण हाच प्रश्न विचारावा, की वर्गणी थांबवल्यावर माझ्या अकरा हजार नोंदी, दोन्ही बाजूंसह, मला कोणत्या स्वरूपात मिळतील? ‘एक्सेलमध्ये मिळतील’ हे उत्तर पुरेसे नाही, कारण त्यात बहुधा एका खात्याचा एकेरी उतारा असतो आणि नावे-जमेची जोडी तुटलेली असते. अमेरिकेत क्विकन हा घरगुती हिशेबाचा विकतचा प्रोग्राम वापरणाऱ्यांचा अनुभव यासंदर्भात पाहण्याजोगा आहे. तेथे पूर्वी प्रत्येक आवृत्तीच्या ऑनलाइन सोयी साधारण तीन वर्षांनी बंद होत आणि २०१८ च्या आवृत्तीपासून सरळ वर्गणीचीच पद्धत आली. अपग्रेड करावे की नाही, हा प्रश्न तेथे ग्राहकाच्या हातात फारसा उरलेला नाही.

आपोआप खाती जोडणाऱ्या सेवांविषयी माझे मत सर्वस्वी प्रतिकूल नाही. रिझर्व्ह बँकेने २०१६ मध्ये नियम केलेली आणि सप्टेंबर २०२१ पासून बँकांसह सुरू झालेली अकाउंट अ‍ॅग्रीगेटरची, म्हणजे आपल्या संमतीने एका संस्थेकडची आर्थिक माहिती दुसरीला पोचवणाऱ्या मध्यस्थाची, व्यवस्था चांगली आहे. तिच्यात आपली संमती कशासाठी व किती काळ हे नोंदलेले असते, ती मागे घेता येते आणि मधल्या संस्थेला आपली माहिती वाचता येत नाही. पण त्या माहितीचा लाभ फक्त रिझर्व्ह बँक, सेबी, इर्डा वा पीएफआरडीए यांच्या नियमनाखालील संस्थांनाच घेता येतो, म्हणून आपल्या टेबलावरच्या ग्नूकॅशला ती कधी थेट जोडली जाईल अशी आशा धरू नये. ज्यांनी आजवर एकही हिशेब लिहिलेला नाही त्यांना मी अशी सेवा खुशाल घ्या म्हणेन. अकरा वर्षे दुनोंदी पद्धतीने, म्हणजे प्रत्येक व्यवहार नावे आणि जमा असा दोन्हीकडे, लिहिणाऱ्या माणसाला तिच्यात नुसती रंगीत वर्तुळे मिळतात; गृहकर्जाच्या हप्त्यातील मुद्दल किती आणि व्याज किती, हे त्यालाच सांगावे लागते.

आता वेळेविषयी. मार्चअखेर आणि विवरणपत्राची मुदत, जी एरवी ३१ जुलै असते, यांच्या मध्ये वही हलवायला घेऊ नये. जुना लॅपटॉप इंटरनेटवरून तोडून ठेवावा. नोंदी लिहायला ग्नूकॅशला इंटरनेट लागत नाही, त्यामुळे विंडोज १० ची अद्यतने थांबल्याचा धोका तेवढ्यापुरता राहत नाही. दर तर आपण आजही हातानेच भरता. विवरणपत्र भरून झाले की ऑगस्टात किंवा त्यानंतर निवांत बसावे. व्यापारी लक्ष्मीपूजनाला नव्या वह्या पूजून पाडव्यापासून लिहायला घेतात, तो मुहूर्त साधला तरी माझी हरकत नाही. मी स्वतः मागच्या खेपेला तोच साधला होता.

त्या दिवशी प्रथम जुन्या यंत्रावर, जुन्याच आवृत्तीत, ३१ मार्चचा ताळेबंद, सरलेल्या वर्षाचे उत्पन्न-खर्चाचे पत्रक आणि तेरीजपत्रक (सर्व खात्यांच्या नावे-जमा शिलकांची यादी) कागदावर छापावे. पडद्यावर पाहून ‘बरोबर वाटते’ म्हणणे वेगळे आणि छापील आकड्यावर पेन्सिलीने खूण करणे वेगळे. सर्व खात्यांवर ‘तपासा व दुरुस्त करा’ चालवल्यावर ‘असंतुलन’ नावाच्या खात्यात काही शिल्लक दिसली, तर ती जुन्यातच निस्तरावी, नव्यात नेऊ नये. मग फाइलची प्रत पेनड्राइव्हवर घ्यावी. ग्नूकॅश प्रत्येक वेळी जतन करताना त्याच फोल्डरमध्ये तारखेची एक जादा प्रत ठेवते, हे आपण पाहिले असेलच. पण मूळ सेटिंग बदलली नसेल तर अशा प्रती तीस दिवसांनी पुसल्या जातात, म्हणून त्यांच्यावर विसंबू नये.

येथे बहुतेकांची एक चूक होते. फाइल नेली म्हणजे सगळे नेले असे नाही. आपण जपून ठेवलेले अहवाल फाइलमध्ये नसतात, २.६ मध्ये ते वापरकर्त्याच्या फोल्डरमधील ‘.ग्नूकॅश’ या निराळ्या फोल्डरात असतात. पसंतीच्या सेटिंग्ज तर त्याहून वेगळ्या जागी असतात. त्याच यंत्रावर अपग्रेड केले असते, तर प्रोग्रामने जुन्या फोल्डरातील अहवाल स्वतः उचलून नेले असते. यंत्रच बदलत असल्याने तो फोल्डरही आपल्याला उचलावा लागेल. सेटिंग्ज नव्याने भरणे सोपे पडते. त्यांत हिशेबी वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च करणे विसरू नये; अन्यथा सगळी पत्रके जानेवारीपासूनची येतील आणि आकडे चुकले असे उगीच वाटेल.

नव्या लॅपटॉपवर फाइल उघडण्यापूर्वी विंडोजचा वेळविभाग भारताचाच आहे ना, हे पाहावे. ही बारीक वाटणारी गोष्ट महत्त्वाची आहे. जुन्या आवृत्त्या नोंदीच्या तारखेसोबत स्थानिक मध्यरात्रीची वेळ लिहीत असत. भारतात १ एप्रिलची मध्यरात्र म्हणजे न्यू जर्सीत ३१ मार्चची दुपार, त्यामुळे तीच फाइल तेथे उघडली की नोंद एक दिवस मागे, म्हणजे मागच्या आर्थिक वर्षात, सरकू शकत असे. पुढच्या मालिकांत यावर १०:५९ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) ही वेळ लिहिण्याचा तोडगा काढला गेला, जिच्यामुळे जगाच्या जवळजवळ सर्व भागांत तारीख तीच राहते. आपली मुलगी परदेशात आहे असे आपण लिहिले आहे, म्हणून हे इतक्या तपशिलाने सांगितले.

थेट ५ मध्ये उघडण्याऐवजी ३ आणि ४ या मालिकांतील शेवटच्या आवृत्त्या पायरीपायरीने बसवून, प्रत्येकीत फाइल उघडून वेगळ्या नावाने जतन करावी. अनेकांची फाइल थेट उडीतही निघते, पण वाचतो तो अर्धा तास, आणि एवढ्या जुन्या वहीसाठी मी तो वाचवणार नाही. ५ मालिकेतीलही नुकतीच बाहेर पडलेली आवृत्ती न घेता एक-दोन महिने जुनी झालेली घ्यावी.

मग छापलेली तीन पत्रके समोर ठेवून नवी काढावीत आणि पैशापर्यंत ताडून पाहावीत. ताळेबंद जुळला नाही तर बहुधा कारण फंडांच्या मूल्यांकनात सापडते, कारण पत्रकाने कोणत्या दिवसाचा दर धरावा याची निवड बदललेली असते. तो पर्याय दोन्हीकडे सारखा करून पुन्हा काढावे. युनिटे तीन दशांशांपर्यंत तंतोतंत यायला हवीत. एसआयपीची एखादी अलीकडची नोंदही उघडून पाहावी. १ जुलै २०२० पासून खरेदीवर ०.००५ टक्के मुद्रांक शुल्क कापले जाते, म्हणजे दहा हजारांच्या हप्त्यात ५० पैसे. ते आपण वेगळ्या खात्यात लिहीत असाल तर नोंदीच्या तिन्ही ओळी जशाच्या तशा दिसल्या पाहिजेत.

दोन्ही यंत्रांवर महिनाभर समांतर नोंदी कराव्यात, असा सल्ला आपल्याला कोणी तरी देईल. मी तो देणार नाही, कारण दोन वह्या लिहिणारा माणूस दुसऱ्या आठवड्यात एकीत नोंद विसरतो आणि मग कोणती खरी हेच कळेनासे होते. पत्रके जुळली की त्याच दिवसापासून फक्त नव्या यंत्रावर लिहावे. जुना लॅपटॉप मात्र आहे तसा, प्रोग्रामसह, पुढच्या वर्षीचे विवरणपत्र भरले जाईपर्यंत कपाटात ठेवावा आणि दोन-तीन महिन्यांतून एकदा चार्ज करावा.

हे सुरू करण्याआधी मदत सूचीतून आपली नेमकी उपआवृत्ती पाहून कळवावी. ती २.६.२१ नसेल, तर जुन्या लॅपटॉपवर आधी तेवढी पायरी चढून घ्यावी लागेल.