चैन, चंगळ आणि अप्रूप

कोल्हापूरच्या एका वाचक भगिनी आईच्या लहानपणच्या आठवणी लिहून काढत आहेत. पंखा, गॅस, फ्रीज, साखरेचा चहा, तेव्हा दुर्मीळ आणि आता घरोघर असलेल्या गोष्टींच्या त्या आठवणी आहेत. लिहिताना त्यांना एक अडचण आली. एकाच काळाबद्दल आजी ‘ती चैन होती’ म्हणते, मामा ‘आमची चंगळ असायची’ म्हणतो आणि आई ‘त्याचं फार अप्रूप वाटायचं’ म्हणते. तिघांना एकच म्हणायचं आहे का? आणि ‘चैन पडत नाही’ यातली चैन हीच की दुसरी? असा त्यांचा प्रश्न आहे.

तिघांना एकच म्हणायचं नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याचा पुरावा शब्दांमागे येणाऱ्या क्रियापदांत आहे. चैन माणूस करतो. चंगळ बहुतेक वेळा होते किंवा असते. अप्रूप वाटतं. आजी, मामा आणि आई आपापल्या जागेवरून बोलत आहेत.

आधी चैन. हिंदीत या शब्दाचा अर्थ अजूनही स्वस्थता, मनाची शांती असाच आहे. मराठीतही ती जुनी चैन गेलेली नाही. ‘लेक घरी येईपर्यंत आईला चैन पडत नाही’, ‘सुखचैन’, ‘बेचैन’ या सगळ्यांत तीच आहे. म्हणजे शब्द एकच, फक्त क्रियापदाने त्याचं घर बदललं. ‘पडणे’ आलं की ती मनाची स्वस्थता, ‘करणे’ आलं की पैशाचा खर्च. स्वस्थ बसण्यापासून सुखात लोळण्यापर्यंत आणि तिथून गरज नसताना खर्च करण्यापर्यंत हा अर्थ सरकत गेला असावा, असं मला वाटतं.

‘करणे’ आलं की करणारा आला आणि करणारा आला की त्याला जाब विचारणाराही आला. म्हणून चैन हा शब्द बहुधा घरखर्च सांभाळणाऱ्याच्या तोंडी सापडतो. ‘एवढी चैन कुठली परवडतीया आपल्याला?’ हे वाक्य आमच्या शिवाजी पेठेतल्या घरात मी किती वेळा ऐकलं असेल! त्यात रागापेक्षा हिशेब जास्त असायचा. आजी म्हणायची, आई म्हणायची. मुलं कधी म्हणत नसत, कारण पैसे मुलांच्या हातात नव्हते.

चैन कशाला म्हणायचं हे किमतीवर ठरत नाही, याचं कोल्हापूरइतकं चांगलं उदाहरण दुसरीकडे मिळणं कठीण. तालमीतल्या पोराला रोज म्हशीचं दूध, तूप, बदाम घातलेली थंडाई लागते. हा खर्च भल्याभल्यांना जड जाणारा. तरी त्याला कुणी चैन म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. त्याचं नाव खुराक. फारसीतून आलेला हा शब्द मुळात साधं अन्न एवढंच सांगतो, पण आपल्याकडे त्याला लाल मातीचा मान मिळाला. घरात एक पैलवान असला तर बाकीच्यांनी पोटाला चिमटा घ्यावा, पण खुराक चुकू नये. गंगावेशीत म्हैस समोर पिळून मिळणारं धारोष्ण दूध उभ्याने पिणं ही सुद्धा इथे नेहमीची गोष्ट. त्याच घरात कुणी पाव आणि मस्का आणला तर मात्र ‘काय चैन चाललीया!’ दूध महाग असून गरजेचं, पाव स्वस्त असून बिनगरजेचा.

साखरेचंही तसंच. आमचा मुलूख गुळाचा. घरच्यांचा चहा गुळाचा असे, साखर पाहुण्यांसाठी डब्यात जपलेली. उशाला कसबा बावड्याचा साखर कारखाना, तरी साखर रेशनवर मोजून मिळायची. पाहुणा उठून गेल्यावर कपाच्या तळाशी न विरघळलेली साखर राहिली की ती बोटाने पुसून खायला आम्ही भावंडं टपलेली असायचो. पाहुण्याला साखरेचा चहा देणं ही चैन नव्हे, तो मान होता. तोच चहा घरच्या माणसाने मागितला तर चैन. वस्तू तीच, पण कुणासाठी आणि कशासाठी यावर शब्द बदलतो. तुमच्या आजीच्या ‘चैन’मध्ये हा सगळा विवेक आहे. म्हणून तो शब्द मला फार मोलाचा वाटतो.

मामाची चंगळ सोपी आहे. तिथे हिशेब नाही, भरपूरपणा आहे. गुऱ्हाळावर गेलं की वाटेल तेवढा रस प्यायचा, वर ताजी काकवी, निघताना हातावर कोमट गुळाचा खडा. त्या दिवशी आमची चंगळ झाली असं आम्ही म्हणायचो. आजोळी चंगळ असते, सुट्टीत चंगळ होते. तिचा जाब कुणी विचारत नाही. अलीकडे मागे ‘वाद’ जोडून ‘चंगळवाद’ झाल्यापासून या शब्दावर उगीच डाग पडला आहे. ‘चंगळ केली’ हा प्रयोग हल्ली दोषाने होतो, त्यामागे ‘चंगळवाद’ असावा. मामाच्या तोंडचा शब्द त्याआधीचा, निर्मळ आहे. तो तसाच ठेवा.

आता अप्रूप. हा शब्द बघणाऱ्याच्या मनातला आहे. ज्याला अप्रूप वाटतं त्याच्या हातात ती वस्तू असायलाच हवी असं नाही, उलट बहुधा ती शेजारच्या घरी असते. आमच्या वाड्यात पहिला फ्रीज आला तो घरमालकांकडे. तो स्वयंपाकघरात न ठेवता सोप्यात ठेवला होता, वर क्रोशाचा रुमाल. तोवर बर्फ म्हणजे लाकडाच्या भुशात आणि गोणपाटात गुंडाळून आणलेली लादी. ती लग्नकार्यात यायची, नाहीतर कुणाचा ताप डोक्यात जाऊ लागला तर. या कपाटातून मात्र चौकोनी खडे निघायचे. मालकीणवैनी उन्हाळ्यात वाटीत दोन खडे द्यायच्या आणि आम्ही ते सरबतात न टाकता हातात धरून बघत बसायचो. याला चैन म्हणता येणार नाही, कारण आम्ही काहीच केलं नव्हतं. चंगळही नाही, कारण खडे दोनच. याला अप्रूप हाच शब्द.

गॅसचं अप्रूप आणखी वेगळं, ते वाट पाहण्यातून वाढलेलं. इंडेनची सुरुवात १९६५ ची. आमच्यासारख्यांना त्यानंतर कित्येक वर्षं नंबर लावून बसावं लागलं. ‘गॅसचा नंबर लागला’ ही बातमी पेढे वाटून सांगण्यासारखी होती. सिलिंडर आला त्या दिवशी शेजारच्या बायका नुसती काडी ओढून पेटणारी निळी ज्योत बघायला आल्या.

अप्रूप बऱ्याचदा ‘राहणे’ या क्रियापदाबरोबर, तेही नकारात येतं. ‘आता कसलं अप्रूप राहिलंय?’ असं आपण म्हणतो. चैनीबद्दल तसं कुणी सहसा म्हणत नाही. वस्तू घरोघर आली की अप्रूप जातं. मात्र ते दुसऱ्या वस्तूवर जाऊन बसतं. ज्या गुळाच्या चहाला आम्ही नाक मुरडत होतो, त्याच्या पाट्या आता रस्तोरस्ती आहेत, आणि ‘चुलीवरचं मटण’ खायला लोक गाडी काढून गावाबाहेर जातात.

सरकारी आणि वर्तमानपत्री भाषेतली ‘चैनीची वस्तू’ मात्र आजीच्या चैनीशी जुळत नाही. २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा फ्रीज आणि वॉशिंग मशीन २८ टक्क्यांच्या सर्वांत वरच्या टप्प्यात होती, जुलै २०१८ मध्ये ती १८ टक्क्यांवर आली. तिथे वस्तूच्या नावावर शिक्का बसतो. कुणी, कुणासाठी, कोणत्या वेळी घेतली हे विचारलं जात नाही. आजी नेमकं तेवढंच विचारते.

लिखाणाबद्दल एवढंच सुचवतो की तिघांचे तीन शब्द तिघांच्या तोंडी तसेच राहू द्या, एका शब्दात गोळा करू नका. सगळ्या लिखाणाला एक नाव हवं असेल तर ‘अप्रूप’ घ्या, कारण आठवणी आईच्या आहेत. आणि प्रमाण भाषेच्या ओढीने आजीच्या चैनीचा ‘ऐषाराम’ करू नका. त्यातला ‘ऐश’ अरबीत नुसतं ‘जगणं’ होता, इजिप्तमध्ये तर रोजच्या भाकरीलाच तो शब्द आहे. पण मराठीत येईतो त्याला हवेल्या आणि लोडतक्के चिकटले. पाहुण्यांची साखर डब्यात जपणाऱ्या बाईच्या तोंडी तो शोभणार नाही.