खान सिंग, पण नट मेक्सिकन: जुन्या विज्ञानमालिका आज कशा बघायच्या

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. मुलीबरोबर जुनी 'स्टार ट्रेक' बघायला घेतलीत. 'स्पेस सीड' हा भाग लागला, त्यात खान नूनियन सिंग नावाचा उत्तर भारतातला शीख आला आणि मुलीने विचारलं, "बाबा, हा शीख वाटतो का?" शोधल्यावर कळलं की नट मेक्सिकन आहे आणि त्याचा वर्ण मेकअपने गडद केलेला आहे. आता पुढचे भाग दाखवावेत की नाहीत, आणि इतक्या जुन्या कामाला आजच्या नजरेने नावं ठेवणं रास्त आहे का, असं तुम्ही विचारलंय.

दाखवा. आणि नावंही ठेवा. त्यासाठी आजच्या नजरेची गरजच नाही, त्या मालिकेने स्वतः जे करून दाखवलं तेवढी मोजपट्टी पुरते. 'त्या काळी असंच चालायचं' हे वाक्य ऐकलं की मी नेहमी त्याच मालिकेचे मागचे-पुढचे भाग बघायला सांगतो. त्या काळी काय काय चालू शकत होतं, ते तिथे दिसतं.

'स्पेस सीड' १६ फेब्रुवारी १९६७ला प्रक्षेपित झाला. त्याच्या बरोबर दोन आठवडे आधी, २ फेब्रुवारीला, 'कोर्ट मार्शल' हा भाग येऊन गेला होता. त्यात मालिकेचा नायक, यानाचा कॅप्टन कर्क, याच्यावर खटला चालतो आणि न्यायासनावर अध्यक्ष म्हणून बसतो कमोडोर स्टोन, म्हणजे कर्कचा वरिष्ठ अधिकारी. ती भूमिका पर्सी रॉड्रिग्ज या कृष्णवर्णी नटाने केली आहे. त्याच्या वर्णाबद्दल संहितेत एक अक्षर नाही. तो वरिष्ठ आहे, कडक आहे, बास. अमेरिकेत नागरी हक्कांची चळवळ ऐन भरात असताना हे घराघरांत दिसत होतं.

त्याच न्यायासनावर कॅप्टन चंद्रा नावाचा एक अधिकारी बसलेला आहे. हा भाग पुन्हा लावा आणि त्याच्याकडे नीट बघा. तो नट म्हणजे रेजिनल्ड लाल सिंग, ब्रिटिश गयानातला, भारतीय वंशाचा. म्हणजे 'स्टार ट्रेक'च्या सेटवर खरोखरचा सिंग येऊन गेला होता, तोही तारकायानाचा कॅप्टन म्हणून! पण त्याच्या वाट्याला बोलण्यासारखं काही नाही, तो नुसता बसून असतो. दोन आठवड्यांनी प्रेक्षकांना जो सिंग दिसला तो अख्खा भाग खांद्यावर पेलणारा होता, आणि तो नट भारतीय नव्हता.

मग लाल सिंगलाच खान का केलं नाही? तो तेव्हा साठीच्या आसपास होता, खानसाठी साजेसा नव्हताच. खरी मेख वेगळी आहे. पाहुण्या कलाकाराची मोठी भूमिका ओळखीच्या चेहऱ्याला द्यायची अशी त्या वेळच्या अमेरिकी टीव्हीची रीत होती. चेहरा ओळखीचा व्हायला आधी मोठ्या भूमिका मिळाव्या लागतात, आणि भारतीय नटाला त्या क्वचितच मिळत होत्या. दार आतून बंद होतं. कुणी एकाने बसून भारतीयांविरुद्ध कट केला असं नाही. पण कट नसल्याने दार उघडंही होत नव्हतं.

खान झालेल्या रिकार्डो मोंटाल्बानबद्दल मात्र मुलीला जरूर सांगा, कारण त्याला खलनायक ठरवणं अन्यायाचं होईल. हॉलिवूडने या माणसाला लागेल तो 'परदेशी' करून वापरला. १९५७च्या 'सायोनारा'मध्ये तो चक्क जपानी काबुकी नट झाला आहे. मेक्सिकन माणूस जपानी चालतो, शीखही चालतो. गोरा नसला की कुठलाही देश त्याला चिकटवता येतो, हा त्यामागचा हिशेब. हा हिशेब त्यालाही बोचत होता. १९७०मध्ये त्याने लॅटिनो कलाकारांसाठी 'नोसोत्रोस' ही संस्था काढली, पडद्यावर त्यांची चित्रणं सुधारावीत म्हणून. दुसऱ्या समाजाची भूमिका ज्याच्या हाती आली, तो स्वतःच्या समाजाच्या भूमिकांसाठी भांडत होता. 'स्पेस सीड' बघताना हे मनात असू द्या.

आणि खान लिहिला कसा आहे हेही बघा. खान हा निवडक प्रजननातून घडवलेला अतिमानव आहे. कथेच्या सुरुवातीच्या आराखड्यात हा अतिमानव नॉर्डिक, म्हणजे उत्तर युरोपीय, वंशाचा होता. अतिमानव म्हटला की सोनेरी केसांचा, ही ठरलेली कल्पना. ती मोडून त्याला आशियाचा शासक करणं हा त्या काळी मोठाच बदल होता. खान १९९२ ते १९९६ या काळात आशियापासून मध्यपूर्वेपर्यंत, पृथ्वीच्या पाव भागाहून अधिक प्रदेशावर राज्य करून गेलेला दाखवला आहे. कर्क आणि यानाचा अभियंता स्कॉटी त्याच्याबद्दल बोलताना आदर लपवू शकत नाहीत आणि परग्रहवासी अधिकारी स्पॉक त्यावर चकित होतो. तो क्रूर आहे, पण विदूषक नाही, हुजऱ्या नाही, तुटकं बोलून हसं करून घेणारा नाही. शिखांबद्दल लेखकांना फारसं ठाऊक होतं असं मात्र दिसत नाही. दाढी नाही, पगडी नाही. पगडी दिसते ती इतिहासकार मॅकगिव्हर्सने काढलेल्या त्याच्या चित्रात. भूमिकेला मान दिला, पण ज्यांची ओळख उसनी घेतली त्यांना विचारलं नाही, असं मी म्हणेन.

ही गोष्ट १९६७ला संपली असती तर 'काळ' हे कारण मी निम्मं तरी मान्य केलं असतं. पण २०१३ साली 'इन्टू डार्कनेस' या चित्रपटात खान झाला बेनेडिक्ट कंबरबॅच, इंग्लंडचा गोरा नट. इतकी टीका झाली की पुढे एका कॉमिकमधून खानच्या चेहऱ्यामोहऱ्यात बदल केल्याचं स्पष्टीकरण द्यावं लागलं. त्याच चित्रपटात भारतीय वंशाचा एक नट आहे. दीप रॉय. तो आहे स्कॉटीचा सहकारी कीन्सर, परग्रहवासीयाच्या मुखवट्याखाली, ओळखूही न येणारा. शेहेचाळीस वर्षांनी मांडणी तीच राहिली: सिंग आडनावाची भूमिका दुसऱ्याकडे, भारतीय वंशाचा नट कोपऱ्यात. मधल्या काळात १९७९च्या पहिल्या 'स्टार ट्रेक' चित्रपटात मुंबईची पर्सिस खंबाटा मुंडन करून इलिया झाली होती आणि ती भूमिका दुय्यम नव्हती. म्हणजे जमत होतं, केलं नाही. शेवटी २०२५च्या खानवरच्या ध्वनिमालिकेत नवीन अँड्र्यूजने त्याला आवाज दिला. आवाज भारतीय वंशाच्या नटाचा, आणि नेमका तिथे चेहरा दिसत नाही.

काळ सरळ पुढे जातो आणि त्याबरोबर माणसंही सुधारतात, हा समज तुमच्या मुलीच्या मनात रुजू देऊ नका. त्यासाठी 'डॉक्टर हू' ही ब्रिटिश विज्ञानमालिका उपयोगी आहे. ऑक्टोबर १९६६च्या 'द टेन्थ प्लॅनेट'मध्ये अर्ल कॅमेरॉन हा बर्म्युडाचा कृष्णवर्णी नट अंतराळवीर आहे. साधा, कामात गढलेला अंतराळवीर, त्याच्या रंगाची कुठे चर्चा नाही. त्यानंतर दहा वर्षांहून थोड्या अधिक काळाने, १९७७मध्ये, याच मालिकेत आला 'द टॅलन्स ऑफ वेंग-चियांग'. त्यातला चिनी जादूगार ली ह्सेन चांग म्हणजे जॉन बेनेट, इंग्रज नट, डोळ्यांवर आणि चेहऱ्यावर मेकअप चढवलेला. कॅनडात टीव्ही ऑन्टॅरिओने हा भाग दाखवलाच नाही.

मला हे जास्त खुपतं, कारण बाकीच्या दृष्टीने ती उत्तम कथा आहे. रॉबर्ट होम्सचं लेखन, गॅसदिव्यांचं लंडन, नाट्यगृहाच्या तळघरातली भीती, सगळं जमून आलेलं. चांग मरतो तेव्हा त्याच्या वाट्याला करुणाही येते. चाहते तिला वर्षानुवर्षं पहिल्या काही कथांत मोजत आले आहेत. त्या काळी ब्रिटनमध्ये चिनी नट नव्हते असं कुणी म्हटलं तर ते खोटं आहे. बर्ट क्वूक तोवर 'पिंक पँथर' चित्रपटांमुळे घरोघरी माहीत झाला होता. खुद्द या कथेतही चिनी वंशाचे कलाकार आहेत, पण चांगच्या टोळीतले, पळणारे आणि मरणारे. त्यांच्याकडे बघत बघत दिग्दर्शकाने पुढारी मात्र रंगवून आणला. आणि लाकडी बाहुल्यासारखा तो भयंकर मिस्टर सिन? तोही दीप रॉयच.

कॅमेऱ्यामागे आपला माणूस असला की हे सुटतं, असंही नाही. 'डॉक्टर हू'ची अगदी पहिली कथा १९६३मध्ये दिग्दर्शित केली ती लखनौला जन्मलेल्या वारिस हुसेन यांनी, चोवीस वर्षांचे असताना. १९६४ची 'मार्को पोलो'ही बहुतांशी त्यांचीच. त्यात मंगोल सरदार झाला डेरेन नेस्बिट आणि कुब्लाई खान झाला मार्टिन मिलर, दोघेही युरोपीय. पिंग-चो या मुलीच्या भूमिकेत तेवढी ब्रह्मदेशात जन्मलेली झीनिया मर्टन आहे. तिचं काम बघायला मिळावं अशी फार इच्छा आहे, पण या कथेचे सातही भाग नष्ट झाले. ध्वनिमुद्रण आणि छायाचित्रं तेवढी उरली. एकट्या तरुण दिग्दर्शकाने सगळी रीत उलटवावी अशी अपेक्षा मी ठेवत नाही.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची. योग्य वंशाचा नट घेतला की काम झालं, असं मुळीच नाही. १९८७चा 'कोड ऑफ ऑनर' बघा, 'द नेक्स्ट जनरेशन' या पुढच्या 'स्टार ट्रेक' मालिकेचा अगदी सुरुवातीचा भाग. लिगॉन या ग्रहावरचे सगळे रहिवासी कृष्णवर्णी नटांनी केले आहेत. मेकअपची फसवणूक नाही, कुणाची भूमिका कुणी हिरावलेली नाही. तरी माझ्या मते अख्ख्या फ्रँचायझीतला हा सर्वांत लाजिरवाणा भाग आहे. टोळीचा म्होरक्या येतो, गोऱ्या स्त्रीवर त्याचा डोळा जातो आणि तो तिला पळवतो. वसाहतकाळातल्या स्वस्त साहसकथांचा हा मसाला जसाच्या तसा अंतराळात नेला. जोनाथन फ्रेक्ससकट त्यातल्या कलाकारांनीच पुढे त्याला उघड नावं ठेवली.

'व्हॉयेजर' या नंतरच्या 'स्टार ट्रेक' मालिकेत आणखी एक तऱ्हा झाली. चकोटे हा मूलनिवासी अमेरिकी अधिकारी, नट रॉबर्ट बेल्ट्रान मेक्सिकन-अमेरिकी. निर्मात्यांनी या वेळी सल्लागारही नेमला, जमाके हायवॉटर. तो स्वतःला मूलनिवासी म्हणवत असे, आणि तो दावा खोटा असल्याचं मालिका सुरू होण्याच्या दहाएक वर्षं आधीच छापून आलं होतं. चकोटेच्या परंपरा इकडच्या-तिकडच्या का वाटतात, त्याचं हे एक कारण.

याउलट मला सर्वांत आवडणारं उदाहरण १९८९चं आहे, 'द नेक्स्ट जनरेशन'चाच भाग 'लाउड ॲज अ व्हिस्पर'. त्यातला मध्यस्थ रिव्हा कर्णबधिर आहे आणि ती भूमिका हाउई सीगो या कर्णबधिर नटाने केली आहे. रिव्हाने शेवटी बोलायला शिकावं, असा मूळ बेत होता. सीगोने हरकत घेतली, आणि निर्मात्यांनी ती ऐकली. आता रिव्हा भांडणाऱ्या दोन्ही बाजूंना आपली खुणांची भाषा शिकवायला बसतो. ती शिकता शिकता ते एकमेकांशी बोलायला लागतील, हा त्याचा डाव. कथेचा सगळा अर्थच बदलला आणि ती कितीतरी सरस झाली. नट कोण घ्यायचा हा निर्णय एवढ्यासाठी मोलाचा असतो. तो माणूस सेटवर असला, बोलला आणि त्याचं कुणी ऐकलं, तर संहिता सुधारते.

भाग गाळावेत, कापावेत, कपाटात बंद करावेत, याला माझा विरोध आहे. 'ट्वायलाइट झोन' या अमेरिकी मालिकेचा १९६४चा 'द एन्काउंटर' अमेरिकेत अनेक दशकं पुन्हा दाखवलाच गेला नाही. त्यात जपानी-अमेरिकी पात्राचा बाप पर्ल हार्बरच्या हल्ल्यात फितूर होता असं दाखवलंय, जे इतिहासाला धरून नाही. राग यावा असंच आहे ते. पण त्या भागात दोनच नट आहेत आणि त्यातला एक जॉर्ज टाकेई, ज्याचं बालपण महायुद्धात जपानी-अमेरिकींच्या छावण्यांत गेलं. भाग बंद झाला तेव्हा 'स्टार ट्रेक'मधल्या सुलूच्या भूमिकेच्या दोन वर्षं आधीचं त्याचं मोठं कामही बंद झालं. आधी माहिती द्यावी आणि मग दाखवावं, हे मला जास्त पटतं.

मुलीसाठी क्रम विचाराल तर: आधी 'कोर्ट मार्शल', लगेच 'स्पेस सीड', म्हणजे स्टोन, चंद्रा आणि खान तिला सलग भेटतील. त्यानंतर त्याच मालिकेतला १९६८चा 'द अल्टिमेट कॉम्प्युटर', त्यातला संगणकतज्ज्ञ डेस्ट्रम म्हणजे विल्यम मार्शल, आणि काय आवाज आहे त्या माणसाचा! 'कोड ऑफ ऑनर' सध्या राहू दे. ती पंधरा-सोळाची झाली की तुम्ही शेजारी बसून दाखवा, मध्ये थांबून बोलता येईल. 'टॅलन्स'चंही तेच. मग 'डीप स्पेस नाइन' या आणखी एका 'स्टार ट्रेक' मालिकेचा १९९८चा 'फार बियॉन्ड द स्टार्स'. त्यात १९५०च्या दशकातला एक कृष्णवर्णी लेखक कृष्णवर्णी कॅप्टनची विज्ञानकथा लिहितो आणि ती छापायला मालक तयार होत नाही. दिग्दर्शन आणि मुख्य भूमिका दोन्ही एव्हरी ब्रुक्सची. तो बघायच्या आधी सिस्को, किरा, क्वार्क ही मंडळी तिच्या ओळखीची हवीत, कारण या भागात किरा, क्वार्क परग्रहाच्या मेकअपशिवाय दिसतात, आणि कोणता चेहरा कुणाचा हे ओळखण्यात अर्धी मजा आहे.