सांगलीच्या गणपती पेठेत ट्रिप ३५ घेऊन फिरताना

भावा, ऑलिम्पस ट्रिप ३५ हा जुना फिल्मचा कॅमेरा घेतलास ते बरं केलंस. बॅटरीची कटकट नाही, लेन्सभोवतीचा सेलेनियम सेलच उजेड मोजतो. पण हे सेल म्हातारे होतात. रोल भरण्याआधी लेन्सवरची रिंग ‘ए’वर (ऑटोवर) ठेवून लेन्स तळहाताने झाक आणि बटण दाब: व्ह्यूफाइंडरमध्ये लाल पट्टी वर येऊन शटर अडायला हवं. उन्हात धरल्यावर मात्र पट्टी दिसता कामा नये. तिथंही आली तर सेल गेला समज.

गणपती पेठेत दुपारी आयएसओ ४००ची फिल्म, फोकस ३ मीटरवर. कडक उन्हात कॅमेरा लेन्सचं छिद्र इतकं बारीक करतो की दोनेक मीटरपासून पुढचं सगळं स्पष्ट येतं. फोकस फिरवत बसू नकोस, माणसांकडे बघ. हळदीच्या सौद्याला कृष्णधवल रोल नेणं मला तरी पटत नाही.

संध्याकाळी आयर्विन पुलावर लाल पट्टी येणारच. रिंग २.८वर, म्हणजे सगळ्यात मोठ्या छिद्रावर, नेलीस तर फोटो निघेल, पण शटर १/४० सेकंदावर येतं. चालणारे हलतात, कठड्याला टेकलेले टिप.

आणि रोल गुंडाळण्याआधी तळाचं बटण दाब, नाहीतर फिल्म फाटते.