काम अर्धवट सोडताना खूण ठेव

तू लिहिलंयस की कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या फौंड्रीत अकाउंट्स आणि डिस्पॅच अशी दोन्ही टेबलं चार महिन्यांपासून तुझ्याकडे आहेत. साडेनऊला येतेस, संध्याकाळी साडेसात वाजले तरी व्हाउचरची चळत तशीच पडून असते. पंचवीस मिनिटांचा टायमर लावून बघितलास, तो एकदाही पुरा वाजला नाही. आणि वर सर म्हणाले, ‘तुझं कामात लक्ष नसतं.’

माझ्या मुलीच्या वयाची आहेस म्हणून एकेरीत लिहिते. गोकुळ शिरगावच्या एका मशिनिंग कारखान्यात असल्याच टेबलावर माझी 22 वर्षं गेली. तुझं लक्ष नसतं हे मला पटत नाही. दिवसभरात कुणी किती वेळा उठवलं हे जिला नेमकं सांगता येतं, तिचं लक्ष शाबूत आहे.

टायमरची पद्धत वाईट नाही, पण ती कुठे जन्मली ते बघ. फ्रान्चेस्को चिरिल्लो या इटालियन माणसानं ती 1980 च्या दशकाच्या अखेरीस, विद्यार्थी असताना, टोमॅटोच्या आकाराचं स्वयंपाकघरातलं घड्याळ लावून बसवली. एकट्यानं अभ्यासाला बसणाऱ्याची ती सोय आहे. आपल्या टेबलासमोर ड्रायव्हर उभा असतो. ‘मॅडम, गाडी भरून तयार हाय, बिल द्या की.’ त्याच्या मागं सुपरवायझर ओव्हरटाइमचा कागद घेऊन, त्याच्या मागं उचल मागायला आलेला कामगार. यातला कुणीही तुझा वेळ खायला आलेला नसतो. त्यांचं काम हेच आपलं काम. म्हणून ‘फोन बंद ठेव, दार लावून घे’ हा सल्ला मी तुला देणार नाही. गेटवर गाडी थांबली असताना तर मुळीच नाही.

माझं मत असं आहे की वेळ उठण्यात जात नाही, परत बसण्यात जातो. ड्रायव्हरला बिल द्यायला सहा मिनिटं लागतात. पण परत येऊन ‘मी कुठं होते?’ हे शोधण्यात आणखी दहा जातात, आणि तेवढ्यात पुढचा माणूस येतो. सोफी लेरॉय नावाच्या संशोधक बाईंनी 2009 साली यावर लिहिलं आहे. पहिलं काम अर्धं सोडून दुसऱ्याकडे वळलं की मनाचा एक तुकडा पहिल्यातच अडकून राहतो आणि दुसरं कामही पातळ होतं. मला हे फार आधी कळायला हवं होतं, पण ते महागात पडल्यावर कळलं.

एका संध्याकाळी दोन गाड्या एकदम लागल्या होत्या, एक पुण्याची आणि एक बेळगावची. मी ई-वे बिल, म्हणजे माल वाहून नेताना लागणारं जीएसटीचं ऑनलाइन कागदपत्र, करत होते आणि मधेच एकानं कँटीनच्या बिलाचं विचारलं. उत्तर देऊन परत वळले आणि पुण्याच्या बिलावर बेळगावच्या गाडीचा नंबर घातला. रात्री तपासणीत गाडी थांबली. गाडीचा नंबर त्या बिलाच्या पार्ट-बी या भागात बदलता येतो, त्यामुळे निभावलं. तेच पार्टीचा जीएसटी नंबर किंवा रक्कम चुकली असती तर बिल दुरुस्त होत नाही. 24 तासांच्या आत रद्द करून नवीन करावं लागतं. ड्रायव्हर मात्र चार तास रस्त्यावर उपाशी बसला. त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी खूण ठेवायला लागले. टेबलावर एक लांबट वही. कुणी हाक मारली की मान वर करण्याआधी एक ओळ लिहायची. समजा बँकेचं स्टेटमेंट आपल्या नोंदींशी ताडून बघत असशील तर: ‘बँक जुळवणी, 17 तारखेपर्यंत टिक झाली, 42,300 चा चेक सापडत नाही, आता 18.’ किती झालं, कुठं अडलं, आणि परत आल्यावर पहिलं काय करायचं, एवढंच. समोरच्याला ‘दहा सेकंद हं’ म्हणायचं. इतक्या वर्षांत त्या दहा सेकंदांवरून कुणी रागावलं नाही, अगदी मालकसुद्धा. नुसतं ‘बँक’ असं लिहू नकोस, त्याचा उपयोग होत नाही. पुढची कृती लिहिली तरच हात आपोआप चालू होतो. ई-वे बिल मात्र अर्ध्यात सोडायचंच नाही. ते सुरू केलं की संपेपर्यंत कुणालाही थांबवायचा हक्क तुला आहे, आणि का थांबवतेस ते सगळ्यांना सांगून ठेव.

टॅलीतही, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्येही, खूण ठेवता येते. पार्टी आणि रक्कम घातली आहे, फक्त कागद यायचा आहे, अशी नोंद कंट्रोल आणि एल दाबून ऑप्शनल, म्हणजे तात्पुरती, करून ठेव. तिचा लेजरवर, म्हणजे पार्टीच्या खात्यावर, परिणाम होत नाही, आणि ती हरवतही नाही. पण निघण्याआधी ऑप्शनलची यादी रोज उघडून बघायची. हे चुकवलंस तर महिनाअखेरीला पार्टीचं खातं जुळणार नाही आणि दोन दिवस त्यातच जातील.

आता माणसांचं. गाडी आणि अपघात सोडून बाकी सगळ्या चौकशांना मी दोन वेळा ठरवून दिल्या: साडेअकरा आणि चार. उचल, रजेचा हिशेब, पीएफचा नंबर, सगळं तेव्हा. पहिले पंधरा दिवस लोक तरीही येत राहिले. मी प्रत्येकाचं नाव वहीत लिहून घेतलं आणि चार वाजता स्वतः उठून मशीनशॉपमध्ये गेले. हे जाणं फार महत्त्वाचं आहे. आपलं काम विसरलं जाणार नाही अशी खात्री पटली की माणूस पुन्हा पुन्हा विचारायला येत नाही.

महिन्याचं गणित वेगळं. 7 तारखेला टीडीएस (कापून घेतलेला कर), 11 ला जीएसटीआर-1 (विक्रीचं रिटर्न), 15 ला पीएफ आणि ईएसआय (कामगार विमा), 20 ला 3बी (जीएसटी भरायचं रिटर्न), हे तुला पाठ असेलच. पण खरी अडचण 14 तारखेला दिसते, 2बी तयार होतो तेव्हा. 2बी म्हणजे खरेदीच्या कोणत्या बिलांवरचा जीएसटी आपल्याला वजा करता येईल त्याची यादी. सप्लायरनं त्याच्या रिटर्नमध्ये बिल दाखवलं नसेल तर ते तुझ्या 2बी त येत नाही, आणि मग 18-19 ला सगळे फोन करत सुटतात. तोवर त्याची तारीख निघून गेलेली असते. तू हे फोन 8 आणि 9 तारखेला कर. तिमाहीला रिटर्न भरणाऱ्या छोट्या सप्लायरना 13 पर्यंत आयएफएफमध्ये (तिमाहीच्या पहिल्या दोन महिन्यांची बिलं दाखवायची सोय) बिल टाकता येतं, त्यांना 12 ला एकदा आठवण दे. आमच्याकडे 18 ते 20 चं रात्री थांबणं एवढ्यानंच बंद झालं.

2021 च्या जुलैत पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ हायवेवर आलं आणि आम्ही घरीच अडकलो. तीन दिवसांत मी घरून दोन महिन्यांची जुळवणी संपवली. तेव्हा पहिल्यांदा नीट पटलं की मी संथ नाही. पण तशी शांतता कारखान्यात कधीच मिळणार नाही, म्हणून तिची वाट बघत बसायचं नाही. फार तर सकाळचा पाऊण तास ओढून घ्यायचा. गाड्या साधारण अकरानंतर लागत असतील तर साडेनऊ ते सव्वादहा हा वेळ जुळवणीला ठेव आणि व्हॉट्सअ‍ॅप सव्वादहाला उघड. लवकर ये असं मी म्हणणार नाही. घरातलं आवरून निघणाऱ्या बाईला ते सांगणं सोपं, करणं अवघड.

सरांशी बोलावंच लागेल. तक्रार म्हणून जाऊ नकोस. आठ दिवस वहीत फक्त एवढं लिही: कोण आलं, कशाला आलं, किती वेळ गेला. माझा अंदाज आहे की निम्म्याहून जास्त वेळा डिस्पॅचसाठीच उठावं लागतं. तसं निघालं तर सरांना वही उघडून दाखव आणि एकच गोष्ट माग: दुपारी तीनच्या आत डिस्पॅचचा प्लॅन लेखी मिळावा, गाडीचा नंबर आणि पार्टीच्या नावासकट. एवढं मिळालं की निम्मी बिलं गाडी लागायच्या आधी तयार ठेवता येतात. मिळालं नाही तर आठ दिवसांच्या नोंदी इथं टाक, आपण बसून बघू.